रात्री अडीचला जाग येते? गोळी वाढवण्याआधी बिछान्यातले तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका वाडीतले निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७२. संध्याकाळी साडेसातला जेवण, साडेआठला आडवे. झोप लागायला तासभर जातो. दीडला लघवीसाठी उठतात, परत जेमतेम डोळा लागतो आणि अडीचला टक्क जागे. मग साडेपाचपर्यंत कूस बदलणं, मध्ये पहाटे एखादी डुलकी. दुपारी जेवल्यावर दीड तास झोप. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर नाही. दोन वर्षांपासून झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम घेतात. सुरुवातीला ती लागू पडायची, आता पडत नाही. ठाण्याच्या मुलाने मनगटावरचं घड्याळ पाठवलंय आणि ते रोज 'गाढ झोप २० मिनिटं' दाखवतं, म्हणून मेंदूला काही होतंय का ही भीती. विचारतात, डोस वाढवू का?

गुरुजी, डोस वाढवू नका. आणि एकदम बंदही करू नका. गोळीकडे मी नंतर येतो, आधी तुम्हीच दिलेले आकडे फळ्यावर मांडू.

साडेआठ ते साडेपाच हे झाले नऊ तास. दुपारचा दीड तास धरला तर दिवसातले साडेदहा तास तुम्ही बिछान्यात असता. आता प्रत्यक्ष झोप बघा. साडेनऊ ते दीड चार तास, मग पाऊण तास, पहाटेची डुलकी पाऊण तास, दुपारचा दीड तास. बेरीज सात तास. पासष्टीनंतर साधारण सात-आठ तास झोप पुरते, आणि सहा तासांवर दिवसभर ताजीतवानी असणारी माणसं माझ्याकडे भरपूर येतात. म्हणजे तुमची झोप गेलेली नाही. सात तासांची झोप तुम्ही साडेदहा तासांवर पसरवली आहे, म्हणून ती जागोजागी फाटते.

झोप येईना की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: जरा लवकर आडवं व्हायचं. 'डॉक्टरांनू, रातभर डोळ्याक डोळो लागूक नाय' असं म्हणत येणाऱ्या दहातल्या निम्म्यांची गोष्ट इथूनच बिघडलेली असते. लवकर पडलं की जागेपणाचा वेळ वाढतो, बिछाना आणि तळमळ यांची जोडी पक्की होते, आणि थोड्या दिवसांनी माजघरात गादी अंथरली तरी छातीत धडधडायला लागतं.

वय वाढलं की झोपेत बदल होतात, ते खरंच आहे. गाढ झोपेचा वाटा मध्यमवयापासूनच कमी होत जातो, हलकी झोप वाढते, रात्रीत चार-पाच वेळा जाग येणं हे आजाराचं लक्षण राहत नाही. शरीराचं आतलं घड्याळही पुढे सरकतं, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाट लवकर होते. शिवाय दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत झोपेची ओढ साठत जाते. दुपारी चारला पोटभर वडे खाल्ले की रात्री जेवण जात नाही, तसं दुपारच्या दीड तासाने ती ओढ खर्च होऊन जाते. वामकुक्षी सोडा असं मी कोकणात कुणाला सांगत नाही. दुपारी एक ते चार बाजारपेठाच जिथे डोळे मिटून घेतात, तिथे डॉक्टरचं कोण ऐकणार? पण ती वीस-पंचवीस मिनिटांची करा, तीनच्या आत उरका, आणि खाटेवर न घेता आरामखुर्चीत घ्या. खुर्चीत मान अवघडते, माणूस आपोआप उठतो.

आता मुख्य उपाय. रात्री ११ वाजेपर्यंत बिछान्याला पाठ लावायची नाही. पहाटे ५ ला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. रविवार, एकादशी, पाहुणे, कुठलीही सबब नको. सहा तास बिछाना, एवढंच. एका वहीत रोज सकाळी अंदाजाने लिहा: कधी पडलो, किती वेळात झोप लागली, किती जागा होतो. सहापैकी पाच तासांच्या वर झोप सलग आठवडाभर लागली की पंधरा मिनिटं वाढवा, म्हणजे पावणेअकराला आडवे व्हा. पुढच्या आठवड्यात परत बघा. साडेसहा-पावणेसातवर बहुतेकांची गाडी स्थिरावते. साडेपाच तासांच्या खाली मात्र तुमच्या वयात कुणी उतरू नये.

पहिले आठ-दहा दिवस त्रासाचे जातात, हे आधीच सांगून ठेवतो. दुपारी डोळे जड होतील, चिडचिड होईल. त्या दिवसांत मोटारसायकल चालवू नका, शिडीवर चढून झावळं काढायला जाऊ नका. ज्यांना फिट येतात किंवा ज्यांना कधी उन्मादाचा मानसिक आजार झालाय, त्यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नये. ही पद्धत काही माझी नाही. आर्थर स्पीलमन यांनी ती १९८७ मध्ये मांडली, आणि झोप येत नसेल तर उठून खोलीबाहेर जा हा नियम रिचर्ड बूट्झिन यांचा, १९७२ चा. या दोन्हींवर उभी असलेली उपचारपद्धती गोळीच्या आधी द्यावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे ती वापरली जात नाही याचं एक साधं कारण म्हणजे ती समजावून सांगायला अर्धा तास लागतो आणि गोळी लिहायला अर्धं मिनिट.

खरी अडचण वेगळीच आहे, ती मुंबईच्या डॉक्टरला कळणार नाही. नऊला वाडी चिडीचूप होते. मग अकरापर्यंत जागायचं कसं? टीव्हीसमोर खाटेवर आडवं होऊन नव्हे, ते झोपणंच झालं. मुलाला रात्री आठचा फोन साडेनऊला करायला सांगा, तोही तेव्हाच लोकलमधून घरी पोहोचत असेल. जेवण आठ-सव्वाआठवर न्या. पुढचा तास हाताला काम द्या: वाल सोलणं, सुपारी कातरणं, दुसऱ्या दिवसाच्या नारळांचं सोडण काढणं. बाजूच्या वाडीत भजन असेल तर जा. देवळात बसून टाळ वाजवताना पेंग येत नाही. माझ्याकडे येणारे एक रापणकर रोज दहापर्यंत पडवीत बसून जाळं दुरुस्त करतात, ते म्हणतात डोळ्यांनी दिसत नाही तरी बोटांना गाठी ठाऊक आहेत.

अडीचला जाग आली तर? भिंतीवरचं घड्याळ आजच काढा, उशाजवळचं पालथं घाला. वेळ बघितली की मनात वजाबाकी सुरू होते, अजून अडीच तास, अजून दोन तास. घड्याळ न बघता, अंदाजे पंधरा-वीस मिनिटं जागे आहोत असं वाटलं की उठा. ओटीवर किंवा माजघरात खुर्ची आणि मंद दिवा आधीच तयार ठेवा. जुना दिवाळी अंक चाळा, तोही चार वेळा वाचलेला असेल तर फारच उत्तम. मोबाईल नको. डोळे मिटायला लागले की परत बिछान्यात, नाही लागले तर परत उठा. एका रात्रीत तीनदा करावं लागलं तरी करा. आणि तीनला जाग आली म्हणून चहा टाकणं, आंघोळ उरकणं, पूजेला बसणं, हे तेवढं थांबवा. जाग आलीच आहे तर कामं तरी आटपू, हा विचार कष्टाळू माणसालाच येतो. पण शरीर शिकतं की तीन म्हणजे सकाळ, आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर तीनला उठवतं.

उजेडाबद्दल दोन गोष्टी. आपली जांभ्याची जुनी घरं थंड असतात, पण माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. निवृत्तीनंतर माणूस दिवसभर त्याच अंधारात बसला की आतल्या घड्याळाला दिवस-रात्र नीट कळेनाशी होते. तुमच्यासारख्या लवकर जागणाऱ्याला संध्याकाळचा उजेड जास्त उपयोगी पडतो, कारण तो घड्याळ थोडं मागे ढकलतो. साडेपाचच्या सुमारास सड्यावर किंवा समुद्रावर जा आणि सूर्य बुडेपर्यंत थांबा. पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा आपण घेतच नाही. म्हातारी माणसं सहाला दिवेलागण म्हणून आत जातात. पावसाळ्यात पडवीत बसा. काळ्या ढगाखालचा उजेडही घरातल्या बल्बच्या कितीतरी पट असतो. मोतीबिंदू असेल तर डोळ्यात उजेड कमी शिरतो, तेव्हा ऑपरेशन 'अजून दिसतंय ना' म्हणत लांबवत बसू नका.

दीडची लघवी. झोप हलकी झाल्याने लघवीची जाणीव होते की लघवीमुळे झोप मोडते, हे दोन्ही बाजूंनी चालतं. पण तपासण्यासारखं बरंच आहे. संध्याकाळी नडगीच्या खालच्या भागावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा. खळगा पडला तर पायात दिवसभर पाणी साठतंय. आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परततं आणि मूत्रपिंड ते रात्री बाहेर टाकतं. अशा माणसाने दुपारी चारच्या सुमाराला अर्धा-पाऊण तास पाय उशीवर उंच ठेवून बसावं. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजतात, आणि रक्तदाबाच्या गोळीत पाण्याचं औषध मिसळलेलं असेल तर ती सकाळी घ्यायची असते. तुमची पट्टी डॉक्टरांना दाखवून एवढं विचारा. पायाची सूज नव्याने आली असेल तर आधी हृदय आणि मूत्रपिंड तपासा. मग मीठ. सुकट, खारवलेला बांगडा, पापड, पेजेबरोबर लोणचं: मिठाचा एवढा भार असला की तहान वाढते आणि रात्रीच्या फेऱ्याही. संध्याकाळनंतर पेज, सोलकढी, दूध बेताने. लघवीची धार बारीक झाली असेल, थांबत थांबत होत असेल, तर प्रोस्टेट बघायला हवं.

आणि न्हाणीघर-संडास मागच्या दारी असेल तर रात्री तिथे जाऊच नका. पावसात जांभ्याच्या पायरीवर शेवाळ असतं, पायाखाली फुरसं किंवा मण्यार असू शकतं, दिवा गेलेला असतो. खाटेशेजारी झाकणाचं भांडं किंवा प्लास्टिकचं युरिनल ठेवा. वीस वर्षं हे सांगतोय आणि पुरुष माणसं लाजतात. मांडीचं हाड मोडून आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न 'कुठे पडलात' असा विचारत नाही, 'रात्री कुठली गोळी घेतलीत' असा विचारतो.

म्हणजे आलोच गोळीवर. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली, झोल्पिडेम त्यांचा चुलतभाऊ. म्हातारपणी यकृत त्यांचा निचरा सावकाश करतं, म्हणून रात्रीचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो: तोल जातो, विसरायला होतं, अर्धवट झोपेत माणूस भलतं बोलतो. वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याची एक यादी मार्क बिअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये सुरू केली. ती आजही सुधारून वापरतात आणि हे घराणं तिच्यात आहे. शिवाय काही आठवड्यांत शरीर सरावतं, गुण जातो, सवय उरते. तुमच्या बाबतीत तेच झालंय. १ मिलिग्रॅम केलीत तर दोन महिने बरे जातील आणि मग परत अडीच.

पण दोन वर्षांची गोळी एका रात्रीत टाकली तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. म्हणून आधी महिनाभर वर सांगितलेली वेळ बसवा, गोळी आहे तशी चालू ठेवा. मग ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशी बोलून उतरा. ०.२५ ची गोळी मिळते, म्हणजे दोनऐवजी दीड, दोन ते चार आठवडे. मग एक. मग पाऊण, मग अर्धी. शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश. एखाद्या पायरीवर फार त्रास झाला तर तिथेच थांबा, मागे येऊ नका. सगळ्याला तीन-चार महिने लागले तरी बिघडत नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय पट्टी आणणं बंद करा. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे, त्याला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, आणि तो नियम तुमच्याच भल्यासाठी आहे. झोपेसाठी सर्दी-खाजेची जुनी गोळीही घेऊ नका. तिने लघवी अडकते आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. मेलाटोनिन त्यामानाने निरुपद्रवी आहे. युरोपात ५५ वर्षांवरच्यांसाठी सावकाश विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी २००७ पासून मान्य आहे, पण फायदा माफक. ते घेऊन साडेआठला पडणार असाल तर पैसे फुकट.

घरगुती उपायांत जायफळ येणारच, आपल्या माडा-पोफळीखाली पिकतंच ते. दुधात चिमूटभर उगाळून घ्यायला हरकत नाही. 'एवढ्याने गुण येत नाही' म्हणून चमचाभर घातलं तर मात्र विष होतं: तोंड कोरडं, धडधड, भास. चहा दुपारी दोननंतर नको. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनीही अंगात असतं, वय झालेल्यात काहीसं जास्तच. संध्याकाळच्या चहाची सवय हातातल्या कपाची असते, त्यात कोकम सरबत चालेल. माडी किंवा फेणीने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. अल्प्राझोलामबरोबर तर थेंबही नको, श्वास मंदावतो. तुमच्या घरच्यांसाठी एक विचारतो: मिसरी लावतात का? रात्री झोपताना आणि परत तीनला जाग आली की मिसरी घासणाऱ्या कितीतरी आजी मी बघितल्यात. तंबाखूतलं निकोटीन जागं ठेवतं, आणि त्या मला सांगतात मिसरीशिवाय झोप येत नाही.

मे महिन्यातला उकाडा, तापलेली कौलं, वीज गेलेली, यावर माझ्याकडे जादू नाही. मच्छरदाणी लावून पडवीत झोपा, आणि झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करा. त्वचेकडे रक्त येतं, मग शरीर आतून थंड होतं आणि झोप लवकर लागते.

काही गोष्टी मात्र वयावर ढकलू नयेत. तुमच्या बायकोला विचारा, घोरता घोरता श्वास थांबतो का आणि मग घुसमटून फुर्रकन सुरू होतो का. तसं असेल आणि रक्तदाब दोन-तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल तर झोपेतला श्वासरोध तपासायला हवा. हल्ली त्याचं यंत्र घरी नेऊन एक रात्र लावता येतं. अशा माणसाला झोपेची गोळी देणं धोक्याचं. संध्याकाळी बसलं की पाय वळवळतात, ओढतात, चालल्यावर बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासा. लोह कमी असणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि शाकाहारी घरात तर हमखास बघावं. स्वप्नात ओरडणं, लाथा मारणं, बाजूच्या माणसाला ठोसा बसणं, याला घरी हसून सोडून देतात, पण ते मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं. पार्किन्सनच्या कितीतरी वर्षं आधी ते सुरू होऊ शकतं. दम लागून जाग येते आणि खिडकीत बसल्यावर बरं वाटतं, तर दुसऱ्याच दिवशी हृदय तपासा, वहीबिही नंतर. आणि पहाटे जाग आल्यावर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असेल, कशात मन लागत नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर ते उदासीनतेचं आजारपण आहे आणि त्याला औषध आहे. मुलं मुंबईला, घर मोठं, माणसं दोन: कोकणात हे मी फार बघतो. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिलं मुलाने पाठवलेलं घड्याळ. गाढ झोप ओळखायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. झोपला होतात की जागे, हे त्याला बऱ्यापैकी कळतं. कुठली झोप किती मिनिटं, यात ते बरंच चुकतं. ७२ व्या वर्षी गाढ झोप तशीही कमीच असते, तेव्हा त्या २० मिनिटांवरून मेंदूबद्दल काही ठरवू नका. दिवसा नावं विसरत असाल, नेहमीच्या वाटेवर गोंधळत असाल तर जरूर दाखवा, पण त्याचा या आकड्याशी संबंध नाही. रात्री ते काढून ओटीवरच्या खणात ठेवा आणि सकाळी पावलं मोजायला घाला. मुलाने विचारलं तर पावलं सांगा. महिन्याभराने वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून, आयुर्वेदिक धरून.